बीडचा समुद्र

बीड जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, असे भूगोलाचे पुस्तक सांगते. भूगोलाचे पुस्तक शहाणे असते, पण त्याला मागचे काही आठवत नाही. इतिहासाच्या पुस्तकाला आठवते. त्यात पाहिले तर बीडला जवळजवळ दीडशे वर्षे चांगला खारा समुद्र होता, त्यावर बंदर होते, बंदरात अरबी घोडे उतरत होते. आणि १६३६ साली हा सगळा ऐवज एका तहात गेला. गेला तो गेलाच. एरवी बसथांबा दोनशे पावले पुढे सरकवला तरी आमच्याकडे निवेदन देतात. समुद्र गेला त्याचे मात्र कोणी नावसुद्धा काढले नाही.

हा समुद्र निजामशाहीचा. निजाम म्हटला की मराठवाड्यातल्या माणसाला हैदराबाद दिसू लागते, तेव्हा खुलासा करतो. हैदराबादचे घराणे १७२४ चे, ते १९४८ पर्यंत आमच्या मानेवर होते. मी म्हणतो ती अहमदनगरची निजामशाही, १४९० ते १६३६. ती स्थापणाऱ्या मलिक अहमदचा बाप मूळचा पाथरीच्या कुलकर्ण्याच्या घरातला, असे फरिश्ता लिहितो. पाथरी म्हणजे आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातली. म्हणजे पाथरीचा एक पोर लढाईत पकडला गेला, बहामनी दरबारात वाढला, वजीर झाला. आणि त्याच्या पोराने नगरला गादी मांडून कोकणचे चौल बंदर खिशात घातले. आमच्याकडच्या माणसाची कोकणात बदली झाली की तो तीन महिन्यांत वशिला लावून परत येतो. याने राज्य केले. बीड त्याच राज्यात आणि चौलही त्याच राज्यात. आता हा बीडचा समुद्र झाला की नाही, तुम्हीच सांगा.

हे सगळे मी माझ्या मित्राला नारायणगडाच्या पायऱ्यांवर बसून सांगत होतो. मित्र गडाच्या पायथ्याकडच्या गावचा. गळ्यात तुळशीची माळ, पाच एकर कोरडवाहू आणि एक फटफटी, एवढी त्याची इस्टेट. त्याला मी माळकरी म्हणतो. तो मला मास्तर म्हणतो. मी आयुष्यात एक तासही शिकवलेला नाही. पण न विचारता माहिती सांगणाऱ्या माणसाला आमच्याकडे मास्तरच म्हणतात.

इथे नारायणगडाबद्दल थोडे सांगायला हवे. उर्वरित महाराष्ट्रात गड म्हटला की बुरूज, तोफा, भगवा आणि शाळेची सहल. बीडकडे गड म्हणजे मठ. नारायणगड, भगवानगड, गहिनीनाथगड. या गडांवर तोफा नाहीत, टाळ आहेत. किल्लेदार नाही, महंत आहेत. नारायणगड त्यातला थोरला. त्याला धाकटी पंढरी म्हणतात. पुढे भगवानगड उभा करणारे भगवानबाबासुद्धा आधी इथलेच. गडावरचे आद्य महाराज नगदनारायण. पैशाला नगदनारायण म्हणायची मराठीत रीत आहे, त्यामुळे परगावचा माणूस हे नाव ऐकून हसतो. आमच्याकडे कोणी हसत नाही. नगद कधी दिसत नसल्यामुळे आमच्यापुरते नारायणच खरे.

आषाढी होऊन गेली होती. पालखी पंढरपूरला जाऊन आली होती. पेरणी मृगात झाली होती आणि नंतर पावसाने ओढ दिली होती. कापूस दोन पानांवर येऊन विचार करत उभा होता. सोयाबीनने विचार करणेही सोडले होते. अशा वेळी बीडकडचा शेतकरी एकच गोष्ट करतो, ती म्हणजे वर बघतो. वर ढग होते. ते पश्चिमेकडून येत आणि पूर्वेकडे जात, न थांबणाऱ्या एस. टी. सारखे. माळकऱ्याचे गणित साधे होते. अजून आठ दिवस पाऊस आला नाही तर दुबार पेरणी. दुबार पेरणीला बियाणे, बियाण्याला पैसे, आणि पैशाला पुन्हा तोच दुकानदार, ज्याचे पहिल्या पेरणीचे अजून द्यायचे होते.

तो म्हणाला, "मास्तर, हे ढग येयलेत कुठून?"

"अरबी समुद्रातून."

"म्हंजी तुझ्या त्या बीडच्या समुद्रातून?"

"त्याच."

"मग चल. जाऊन बघू तरी, कुठं अडकलाय ते."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. माझ्या अंगावर पुण्याचा रेनकोट, त्याच्या पाठीला खताच्या पोत्याची खोळ. खोळ घेतलेली पाहून गावातल्या दोघांनी, "कुठं पडायलाय रे?" असे आशेने विचारले.

आष्टी, कडा, नगर. या रस्त्यावर पाण्याचा इतिहास फार आहे, पाणी नाही. ही सगळी पट्टी पर्जन्यछायेची. 'छाया' हा शब्द मराठीत किती गोड. झाडाची छाया, आईची छाया. पर्जन्यछाया म्हणजे मात्र ज्या छायेत सगळे वाळते ती. नगरच्या अलीकडे भातोडी आहे. १६२४ साली तिथे मलिक अंबरने मोगल आणि आदिलशहा यांच्या एकत्र फौजेला पाणी पाजले. शब्दशः पाजले, कारण त्याने तिथल्या तलावाचा बांध फोडून त्यांच्या छावणीत पाणी सोडले. चिखलात हत्ती फसले, तोफा फसल्या. शिवाजी महाराजांचे चुलते शरीफजी याच लढाईत पडले. माळकऱ्याने गाडी बाजूला घेतली आणि सगळी लढाई ऐकून घेतली. मला वाटले, आता मलिक अंबरबद्दल बोलेल. तो म्हणाला, "ह्या टापूत एवढं पानी व्हतं?" इतिहास ऐकताना प्रत्येक जण आपल्याला हवे तेच ऐकतो. इतिहासकारही.

नगरच्या पूर्वेला डोंगरावर तीन मजली घुमटी दिसते. तिला लोक चांदबीबीचा महाल म्हणतात. चांदबीबीचा तिच्याशी संबंध नाही. ती सलाबतखानाची कबर. हा मूर्तझा निजामशहाचा वजीर, आणि बीडच्या माणसाने त्याला जाता जाता हात जोडायला हरकत नाही, कारण बीडची खजाना विहीर त्याच्या नावावर आहे, १५८२ च्या सुमाराची. बांधणारा कारागीर राजा भास्कर म्हणून सांगतात. दुष्काळातही तिचे पाणी हटत नाही, अशी तिची ख्याती. खापरी नळातून, जमिनीखालून ते पाणी शेताकडे जाते. याच मूर्तझाने त्याआधी बारा वर्षे समुद्रासाठी एक मोठे युद्ध केले होते आणि हात हलवत परत आला होता. त्याबद्दल चौलला पोचल्यावर सांगेन. तूर्त एवढेच की, राजाला समुद्र मिळवता आला नाही, वजिराच्या माणसांनी विहीर खणली, आणि आज बीडकडे विहीर आहे, समुद्र नाही.

पुणे आम्ही वळसा घालून, न बोलता ओलांडले. पौड मागे पडले आणि एका वळणावर पाऊस सुरू झाला. सुरू झाला म्हणजे आमच्याकडे होतो तसा नव्हे. आमच्याकडे पाऊस आधी धूळ उडवतो, मग चार टपोरे थेंब टाकून बाजारभाव विचारल्यासारखे करतो आणि निघून जातो. हा पाऊस पडदा ओढल्यासारखा आला. त्या पडद्याच्या आत शिरल्यावर बाहेर येण्याची सोय दिसेना. माळकऱ्याने गाडी थांबवली, खोळ डोक्यावरून काढली, घडी करून डिकीत ठेवली आणि उघड्या डोक्याने उभा राहिला. मी म्हटले, "अरे, आजारी पडशील." तो म्हणाला, "पडू दे की. पावसानं आजारी पडलेलं मानूस आमच्या गावात लई दिसात न्हाई झालं."

आकडे द्यायचे तर बीडला वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आतच पाऊस, आणि तोही पडला तर. ताम्हिणीच्या माथ्यावर सहा हजारांच्या वर जातो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. म्हणजे आमचा अख्खा वर्षाचा पाऊस एका दिवसात, वर पुन्हा बक्षीस. मुंबई त्या दिवशी बुडाली, माणसे गेली. त्याचा हेवा करावा असे नाही. पण माळकऱ्याला हा आकडा सांगितल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "वाटनीला कोन बसलं व्हतं?"

मुळशीचे धरण आले. पाण्यावर पाऊस पडत होता आणि दोन्ही एक झाले होते. इथे गाडी थांबवणे मला भागच होते, कारण हे धरण म्हणजे महाराष्ट्राच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण. टाटांच्या वीज कंपनीने ते बांधायला घेतले तेव्हा मावळ्यांची भातखाचरे आणि गावे पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. तीन वर्षे माणसे तुरुंगात गेली, मार खाल्ला. शेवटी धरण झालेच. धरणे बांधायची तर कोणाची जमीन जाते, हा प्रश्न आपल्याकडे पुढे शंभर वेळा विचारला गेला, त्याचा पहिला तास मुळशीला भरला होता.

माळकरी ऐकत होता. "पांडुरंग नाव व्हतं का त्यांचं?" एवढेच म्हणाला. मग शेतकऱ्याचा प्रश्न आला: "हे पानी जातं कुठं?"

खरे म्हणजे इथे मी गप्प बसायला हवे होते. पण मला मास्तर उगीच म्हणत नाहीत. मी सांगितले, ही मुळा नदी. ती पूर्वेकडे वाहते. पुण्यात तिला मुठा मिळते, पुढे दोघी भीमेला मिळतात, भीमा उजनीवरून पंढरपूरला जाते आणि तिथे ती चंद्रभागा होते. पण धरण झाल्यापासून इथले पाणी बोगद्याने डोंगराच्या पश्चिमेला नेतात, खाली भिऱ्याला सोडतात. तिथे वीज तयार होते आणि पाणी कोकणात वाहून जाते.

"म्हंजी," माळकरी सावकाश म्हणाला, "चंद्रभागंत जानारं पानी उचलून समुद्रात सोडायलेत?"

"विजेसाठी. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालत होत्या."

"हायेत का आता गिरन्या?"

"बहुतेक बंद झाल्या."

"आन् पानी?"

"पाणी चालू आहे."

त्याने धरणाकडे पाहून हात जोडले. नमस्कार होता की आणखी काही, मला कळले नाही. पुढचा सगळा घाट तो एक शब्द बोलला नाही. ताम्हिणीत दोन्ही बाजूंना धबधबे कोसळत होते, माणसे त्यांच्याखाली उभी राहून फोटो काढत होती, भजी खात होती, कणसे खात होती. एका ठिकाणी धबधब्याचे पाणी रस्त्यावरून नुसते वाहून दरीत जात होते. माळकऱ्याने गाडी हळू केली आणि पाय सोडून त्या पाण्यातून नेली. पुसले असते तर ब्रेक पाहत होतो म्हणाला असता.

घाट उतरल्यावर निजामपूर लागते. पाटी वाचून तो पहिल्यांदा बोलला, "इथं बी निजाम?" मग माणगाव, म्हसळे, आणि संध्याकाळी दिघी. खाडीच्या या काठाला दिघी, त्या काठाला आगरदांडा, मधे जंगलजेटी. हिला जंगलजेटी का म्हणतात हे कोणी सांगत नाही, पण ती मोटारी, फटफट्या, माणसे आणि एक बकरी असे सगळे पोटावर घेऊन पलीकडे नेते. जेटीवरून माळकऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. पावसाळ्यातला समुद्र चित्रातल्यासारखा निळा नसतो, तो नांगरलेल्या काळ्या रानासारखा असतो. त्याने नेमके तेच म्हटले: "वली नांगरट दिसायलीय."

रात्री मुरुडला जेवणाची अडचण आली नाही. येणार असे मला वाटत होते, कारण कोकणच्या किनाऱ्यावर माळकरी माणसाला जेवू घालणे म्हणजे नगरला समुद्रस्नान घालण्यासारखे. पण १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते; माशांच्या विणीचा हंगाम. खानावळवाल्या काकूंनी, "ताजं काही नाही हो, सुकटच आहे," असे दिलगिरीने सांगितले. माळकऱ्याला हे फार आवडले. म्हणाला, "सरकारनं दोन महिने सगळ्या कोकनाला माळ घातली म्हन की!" वरण, भात, लोणचे आणि सोलकढी. सोलकढीचा रंग बघून त्याने ती आधी वशाट आहे का ते दोनदा विचारले, मग चार वाट्या प्याला.

जेवण झाल्यावर त्याने घरी फोन लावला.

"पडायलाय का?"

पलीकडून भावाचा आवाज मलाही ऐकू आला. "न्हाई. ऊन हाय."

बाहेर पन्हळीतून पाणी एवढ्या जोरात पडत होते की फोन दाराआड नेऊन बोलावे लागत होते.

सकाळी राजपुरीच्या धक्क्यावर गेलो. समोर जंजिरा. पावसाळ्यात किल्ल्यावर होड्या जात नाहीत, त्यामुळे तो पाण्यात उभा आणि आम्ही पावसात उभे. मी इतिहास सुरू केला. आधी इथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, रामपाटील त्यांचा म्होरक्या. निजामशाहीला तो आवरेना. मग पिरमखान नावाचा सरदार व्यापारी बनून गलबत घेऊन आला, दारूची पिंपे कोटात उतरवली, रामपाटील आणि त्याची माणसे पिऊन तर्र झाली, आणि पिरमखानाने कोट घेतला. त्या जागी पुढे दगडी किल्ला उठला, सिद्दी आले आणि असे बसले की शिवाजी महाराजांना तो मिळाला नाही, संभाजीराजांनी १६८२ मध्ये समुद्रात सेतू घालायला घेतला तरी मिळाला नाही.

माळकऱ्याने सगळे ऐकून नारायणगडचा प्रश्न विचारला: "ह्या गडाची गादी कोनाकडं?"

मी हसणार होतो. पण प्रश्न बरोबर होता. जंजिऱ्याला गादी होतीच. सिद्दी नबाबांची, मुरुडला टेकडीवर त्यांचा राजवाडा अजून आहे. १९४८ च्या मार्चमध्ये ते संस्थान विलीन झाले आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला आमचा हैदराबादचा निजाम गेला. म्हणजे बीड आणि जंजिरा, एके काळच्या एकाच राज्याचे दोन तुकडे, तीनशे वर्षे ताटातूट झाल्यावर एकाच वर्षी, सहा महिन्यांच्या अंतराने नबाबीतून सुटले. किती इतिहासकारांच्या हे ध्यानात आले आहे कोण जाणे. धक्क्यावर भिजणाऱ्या आम्हा दोघांच्या आले.

काशिदवरून पुढे कोर्लई. समुद्रात घुसलेल्या डोंगरावर पोर्तुगीज किल्ला आणि पायथ्याशी गाव. या गावातले काही लोक घरी अजून पोर्तुगीजातून निघालेली एक बोली बोलतात. तिला ते 'नौ लिंग', म्हणजे आमची भाषा, म्हणतात. चौल १७४० साली पोर्तुगिजांच्या हातून गेले, भाषा घरात राहिली. बोलणारे हजाराच्या आसपास उरले असतील. इथे चहा पिताना टपरीवर दोन म्हाताऱ्या आपसात काही बोलल्या आणि माळकरी मला म्हणाला, "तुला कळायलंय का?" मी नाही म्हटले. त्याला बरे वाटले असावे. दोन दिवसांत मला न कळलेली ही पहिली गोष्ट.

मग साळावचा पूल आला. पलीकडे रेवदंडा. खाली कुंडलिका नदीची खाडी, गढूळ, फुगलेली, समुद्राकडे धावणारी. मी मागे बसून इकडे तिकडे पाहत होतो आणि हे न सांगता पूल ओलांडता येईल अशी आशा करत होतो. पण पुलाच्या मध्यावर त्याने गाडी हळू केली आणि विचारले, "ही कोनती नदी?"

"कुंडलिका."

"कुठून येती?"

"भिऱ्याकडून."

भिरा हे नाव तो विसरला असेल असे मला वाटले होते. त्याने पूल संपवून गाडी कडेला लावली आणि कठड्यापाशी परत चालत गेला. मीही गेलो. मुळशीला पाहिलेले ते पाणी, जे आपल्या वाटेने गेले असते तर पुणे, उजनी करत वाळवंटात विठोबाच्या पायांशी पोचले असते, ते आमच्या पायांखालून समुद्रात चालले होते. सगळेच काही ते नसेल. पावसाळ्यात कुंडलिकेला स्वतःचेही पाणी असते. पण हे बारकावे सांगण्याची ती वेळ नव्हती. खिशातून त्याने गडावरचा बुक्का काढला, चिमूटभर खाली टाकला आणि म्हणाला, "चुकून आलंय बिचारं हिकडं."

रेवदंडा आणि चौल ही जोडगावे. आता तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांतून पळणारे अरुंद रस्ते. पण हे बंदर 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक पोथीतसुद्धा आहे. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी साधारण १४७० च्या आसपास इथे उतरला, वास्को द गामाच्या बऱ्याच आधी. त्याच्या हाती काय होते? एक घोडा. तो घोडा घेऊन भर पावसाळ्यात तो चौलहून घाट चढून जुन्नरला गेला. म्हणजे आम्ही गेलो त्याच्या उलट दिशेने, त्याच ऋतूत, त्याच चिखलात. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा जप्त केला आणि धर्म बदल, तर देतो म्हणाला. एका खुरासानी भल्या माणसाच्या शब्दाने घोडा सुटला. निकितीनने चार महिन्यांचा पाऊस आणि चिखल आपल्या वहीत नोंदवून ठेवला आहे. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे, आणि १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्याच्यावर 'परदेसी' नावाचा चित्रपट काढला. त्यात नर्गिस होती. बहुधा ती वहीत नव्हती.

आता मूर्तझाचे युद्ध. पोर्तुगिजांनी १५२१ मध्ये निजामशहाच्याच परवानगीने रेवदंड्याला कोट बांधला. भाडेकरू एकदा आत आला की काय होते ते निजामशाहीला तेव्हा कळले. १५७० च्या अखेरीस मूर्तझाने प्रचंड फौजेनिशी वेढा घातला. वेढा सात-आठ महिने चालला, पावसाळा डोक्यावर आला, आणि १५७१ मध्ये तह करून तो परत गेला. का? फरिश्ता म्हणतो, निजामशाही सरदार फितले. पोर्तुगीज त्यांना नजराणे पाठवत, आणि त्यांत मुख्य म्हणजे दारू.

माळकऱ्याने मला थांबवले. "म्हंजी जंजिरा दारूनं मिळाला आन् हे दारूनं गेलं?"

"तसेच म्हणायचे."

"मग तू एवढा जाड इतिहास कशाला वाचतोस?"

चौलचे बंदर तसे पुढेही राहिलेच निजामशाहीकडे, पोर्तुगिजांच्या कोटाला लागून. पण १६२६ ला मलिक अंबर गेला, १६३० ला भयंकर दुष्काळ पडला, त्याच दुष्काळात शहाजहानच्या फौजा दख्खनमध्ये होत्या, आणि १६३६ ला निजामशाही संपली. शहाजहानने आणि आदिलशहाने ती वाटून घेतली. बीडकडचा मुलूख मोगलांकडे, कोकणपट्टी आदिलशहाकडे. दुष्काळी भाग एकीकडे आणि पाऊस दुसरीकडे. आमच्या वाटणीला तेव्हा कोण बसले होते, याचे उत्तर एवढेच आहे.

शेवटी चौलच्या रामेश्वराच्या देवळात गेलो. पुढे दगडी पुष्करणी काठोकाठ भरलेली, कौलांवरून पाण्याच्या धारा. देवळात तीन कुंडे आहेत, जमिनीत, फरसबंदीखाली झाकलेली: अग्निकुंड, वायुकुंड आणि पर्जन्यकुंड. पाऊस पडला नाही, अवर्षण आले, की पर्जन्यकुंड उघडायचे, अशी जुनी वहिवाट. म्हणजे या चौललाही कधीतरी पावसाची वाट पाहावी लागली होती. त्याशिवाय कुंड कोण बांधतो!

हे ऐकल्यावर माळकरी सरळ पुजारीकाकांकडे गेला. माळ पाहून त्यांनी माउली म्हणून नमस्कार केला. याने विचारले, "काका, ते पावसाचं कुंड उघडता येईल का?"

काकांनी बाहेर पाहिले. बाहेर एवढा पाऊस होता की पुष्करणीचा पलीकडचा काठ दिसत नव्हता.

"अहो, अजून उघडून काय गाव बुडवायचंय?"

"इथल्यासाठी न्हाई. बीडसाठी."

काका चांगले होते. हसले नाहीत. कुठून आलात, काय पेरलेत, सगळे विचारून घेतले. मग म्हणाले, "ते गावकी बसते तेव्हा ठरतं हो. आणि इथल्या पावसासाठी इथलं कुंड. तुमच्याकडच्यासाठी आम्ही कसं उघडणार? हद्दीबाहेर झालं ना ते."

माळकऱ्याने माझ्याकडे पाहिले. "मास्तर, सांग की."

मी सांगितले. १४९० पासून सुरुवात केली. मलिक अहमद, पाथरी, चौल, बीड, एकच राज्य, एकच खजिना. काकांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "हे मोडलं कधी म्हणालात?"

"१६३६ ला."

"मग अर्ज जरा उशिरा आलाय," ते म्हणाले. आणि आत जाऊन देवापुढचा एक नारळ आणून त्यांनी माळकऱ्याच्या ओंजळीत ठेवला. "कुंड नाही उघडता येत. हा रानात बांधावर पुरा. रामेश्वराला हद्द नाही."

माळकऱ्याने नारळ खोळीत गुंडाळला. स्वतः भिजत राहिला, नारळ कोरडा. पडवीत उभे राहून त्याने घरी फोन लावला. या वेळी मला पलीकडचे ऐकू आले नाही, पाऊस फार होता.

"काय म्हणतो?" मी विचारले.

"ढग हायेत म्हनतो. काल होते तसेच." त्याने गाडीला किक मारली. "चल लवकर. इथून निघालेले असले तर आपल्या आधी पोचतील."